आमच्या गाडीचा आंस

घरांत जुनी वस्तु ठेवावी कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्या घरीं कधीं मतभेद झाला नाहीं. ठेवलेल्या वस्तूचें पुढें काय करावें, ह्याविषयीं मात्र होत आला आहे. देव्हाऱ्यांतील टांक, माजघरांतील तांब्याचें घंगाळ आणि आजोबांनीं जपलेली पंचांगांची चवड ह्यांना कोणी हात लावीत नाहीं. कारण त्यांच्याकडून कोणी कामाची अपेक्षाही करीत नाहीं. परंतु जी वस्तु जुनीही आहे आणि जिच्याकडून रोज कामही घ्यावयाचें आहे, तिची गोष्ट वेगळी. आमच्या खळ्याच्या कडेला उभी असलेली जीप ही अशांपैकीं एक. मागें बसावयाच्या बांकांऐवजीं लोखंडी हौदा असलेली ही गाडी वडिलांनीं १९८४ सालीं घेतली. तेव्हांपासून गुहागर तालुक्यांतील आमच्या सड्यावरच्या कलमांच्या बागेंतून आंब्याच्या पेट्या खालीं आणणें, शेणखत वर नेणें, गणपतीची मूर्ति घरीं आणणें आणि प्रसंगीं बाळंतिणीस दवाखान्यांत पोंचविणें, हीं सारीं कामें तिनें बिनतक्रार केलीं.

ह्या गाडीचे दोन्ही आंस आम्हीं २०२२ च्या पावसाळ्यांत बदलले. ती हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत आहे. ज्यांना यंत्राची आवड आहे त्यांस तींत यंत्राची थोडीबहुत माहिती मिळेल; ज्यांना ती नाहीं त्यांनींही ती शेवटपर्यंत वाचावी अशी विनंति आहे, कारण ती सगळीच यंत्राची नाहीं.

प्रथम गाडीचें कुळगोत्र सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याकरितां विलीस आणि फोर्ड ह्या दोन कारखान्यांनीं १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपतांच, १९४५ मध्यें, विलीसनें तीच गाडी नागरी वेष चढवून शेतकऱ्यांपुढें आणली. त्याच वर्षीं आपल्याकडे महिंद्र बंधूंनीं गुलाम महंमद ह्यांच्यासह एक कंपनी काढली होती. स्वातंत्र्यानंतर लवकरच तिनें मुंबईंत ह्या जीपची जोडणी सुरू केली आणि पुढें ती गाडी येथेंच बनूं लागली. आमची गाडी त्या वंशांतली. तिचें इंजिन, गियरपेटी, पत्रा ह्यांत काळाप्रमाणें फेरफार होत गेले. परंतु पोटाखालीं पाहिलें तर तेंच मूळचें बीज. मागच्या आंसाला मिस्त्री लोक 'डाना चव्वेचाळीस' म्हणतात. हें नांवही एका घराण्याचेंच आहे. क्लॅरेन्स स्पायसर नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें कॉलेजांत शिकत असतांनाच मोटारीसाठीं लवचीक सांधा योजिला आणि १९०३ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. त्याच्या कारखान्याला १९४६ मध्यें चार्ल्स डाना ह्यांचें नांव मिळालें. त्या कारखान्याच्या धर्तीचे आंस जीपला बसत आले.

वडील गेल्यावर गाडी थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या हातीं आली. गाडीबरोबर सर्वच आलें. बागेची फवारणी, घरपट्टी, बँकेचे हप्ते, गड्यांची मजुरी, पुतण्या-भाच्यांचीं मुंजी-लग्नें, इतकेंच काय पण आमच्या दिवाणखान्यांतील घड्याळाला चावी देणें हेंही दादांचेंच काम. आम्ही शाळेंत शिक्षक. सकाळीं जात असूं, सायंकाळीं येत असूं, आणि सेवानिवृत्त झाल्यावरही व्याख्यानें-सत्कारांतच रमत असूं. घर चालतें आहे, ह्याचा अर्थ कोणी तरी तें चालवितो आहे, हा विचार आमच्या मनांत फारसा येत नसे. दादांचा मुलगा पुण्यास यंत्रशास्त्राचा पदवीधर होऊन तेथेंच नोकरीला होता. ती सोडून तो २०२१ मध्यें बाग पाहण्यास घरीं परत आला. घराला आनंद झाला. परंतु दादांनीं त्याला बाग दाखविली, ती हातीं दिली नाहीं. कोणतेंही काम त्यानें आरंभिलें कीं दादा मागें येऊन उभे राहत आणि "सर, मी करतों" म्हणत. त्यांत राग नसे, सवय असे.

मे २०२२. हापूसचा हंगाम ऐन भरांत होता. सकाळीं दादा गाडी घेऊन सड्यावर गेले. बरोबर वहिनी होत्या. परतीला हौद्यांत चाळीस पेट्या. सड्यावरून खालीं येतांना जांभ्या दगडाची एक तीव्र उतरण आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला नुसती दरड. त्या उतरणीच्या मध्यावर गाडीचें मागचें डावें चाक ब्रेकच्या ड्रमासकट बाहेर निघून गाडीच्या पुढें धांवत गेलें. दादांनीं ब्रेक दाबला, तर पाय तळाला टेकला. कारण ड्रम गेल्यामुळें त्या चाकाचा ब्रेक उघडा पडून सगळें तेल तेथून वाहून गेलें होतें, आणि जुन्या गाडींत चारही चाकांना तेल पुरविणारी वाट एकच असते. दादांनीं चक्र फिरवून गाडी गडग्यावर घातली, म्हणून ती थांबली. ती दुसऱ्या अंगाला कलली असती तर हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. वहिनींचें डावें मनगट मोडलें. दादांना खरचटलें. आंबे उतरणीभर पसरले.

संध्याकाळीं पडवींत जें व्हावयाचें तें झालें. मार्च महिन्यांत पुतण्यानें गाडीला पूर्वीच्या सहा इंची टायरांऐवजीं सात इंची रुंद टायर बसविले होते. दादा म्हणाले, "त्या थोराड टायरांनीं आंस मोडला." पुतण्या म्हणाला, "अडतीस वर्षांचा आंस आहे, बाबा. बदलूं या म्हणून मी पांच वेळां सांगितलें." दादा म्हणाले, "माझ्या हातून अडतीस वर्षांत कधीं मोडला नाहीं." ह्या वाक्याचें उत्तर नसतें. पुतण्या उठून गेला, आणि त्या दिवसापासून बापलेकांत अबोला पडला. एका पंगतीला बसत, पण "त्याला आमटी हवी का विचार" असें वहिनींच्या मार्फत चाले. पंधरा दिवसांनीं पुण्याच्या जुन्या कंपनीचें पत्र पुतण्याच्या टेबलावर दिसलें. आम्हीं तें पाहिलें, आणि कांहींच बोललों नाहीं. त्या सबंध काळांत आम्ही एकंदरींतच फार थोडें बोललों. त्याचें कारण पुढें येईल.

गाडी दुरुस्त करणें भाग होतें, कारण तिच्यावांचून सड्यावर जाणारें दुसरें वाहन घरांत नव्हतें. दादा बोलत नव्हते, म्हणून पुतण्यानें आपला बेत आम्हांस समजावून सांगितला. तो समजल्यावर आम्हांस जी गंमत वाटली ती वाचकांपुढें ठेवतों.

बैलगाडीचा आंस सर्वांनीं पाहिलेला आहे. तो स्वतः फिरत नाहीं. चाकें त्याच्यावर फिरतात. त्याचें काम एकच, भार वाहणें. ओढण्याचें काम बैलांचें. मोटारीच्या मागच्या आंसावर मात्र दोन कामें येऊन पडतात. गाडीचा व मालाचा भार त्यानें वाहावयाचा आणि इंजिनाची गतिही त्यानेंच चाकांस पोंचवावयाची. शिवाय वळणावर बाहेरचें चाक जास्त अंतर कांपतें व आंतलें कमी. म्हणून आंसाचे दोन तुकडे करून मध्यें डिफरन्शियल नांवाची दांत्यांची पेटी बसवावी लागते. हे दोन दांडे एका पोकळ लोखंडी कवचांत असतात. त्या कवचास मिस्त्री 'हौसिंग' म्हणतात.

आतां प्रश्न असा कीं भार कोणावर टाकावा, फिरणाऱ्या दांड्यावर कीं स्थिर कवचावर? ह्याचीं दोन उत्तरें आहेत. एका रचनेंत चाक थेट दांड्याच्या टोंकाला अडकविलेलें असतें. दांडा फिरतोही आणि गाडी उचलूनही धरतो. हिला अर्ध-तरती म्हणावें. दुसऱ्या रचनेंत चाकाचें हब दोन बेअरिंगांवर कवचाच्या टोंकाला बसतें. सगळा भार कवचावर जातो आणि आंतील दांड्याला फिरविण्यापलीकडे दुसरें काम राहत नाहीं. ही पूर्ण-तरती. हींत दांडा मोडला तरी चाक जागचें हलत नाहीं. मोडका दांडा ओढून काढावा आणि पुढच्या चाकांच्या जोरावर घरीं यावें. नवल असें कीं महायुद्धांतील विलीसच्या मागच्या आंसाची रचना ही दुसरी, भारी होती. शांततेच्या काळांतील जीपला लवकरच पहिली, स्वस्त रचना आली. आमची गाडी त्या स्वस्त रचनेची. तिच्या दांड्याचें टोंक निमुळतें असून त्यावर हब दाबून बसवितात. मध्यें एक लहानशी लोखंडी चावी आणि वरून मोठा नट. तो नट दीडशें फूट-पौंडांच्या जोरानें आवळावा लागतो. म्हणजे दोन फूट लांब पान्याच्या टोंकाला पंचाहत्तर पौंड भार द्यावा तितका. तेवढ्या दाबानें हब निमुळत्या टोंकावर घट्ट बसतें, आणि खरा जोर त्या दाबावर चालतो. चावी केवळ साक्षीदार असते. नट सैल राहिला तर सारा जोर चावीवर येतो.

पुतण्याचा बेत असा होता कीं मागें पूर्ण-तरता आंस घालावयाचा, ब्रेकच्या तेलाच्या वाटा दोन करावयाच्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी राहील, आणि जमल्यास गाडी थोडी उंच करावयाची. येथें आमचे चुलतबंधू, जे वकील आहेत, ते पुढें सरसावले. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकाला करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ह्याच कलमाचा अर्थ कडकपणें लावला आहे, असें त्यांनीं कागद दाखवून सांगितलें. बेत आंखडता झाला. उंची वाढविण्याचा विचार सुटला. रुंद टायर उतरून पुन्हां सहा इंची चढले. उरलेल्या फेरफाराचा सविस्तर अर्ज परिवहन कार्यालयास आधीं द्यावा आणि त्यांनीं मान्य केलें तरच पाना हातीं घ्यावा, असें ठरलें. त्या अर्जाच्या पाठीं जितके हेलपाटे झाले तितके पुढें सबंध कामास झाले नाहींत. परंतु त्यायोगें आम्हां सर्वांस घाई करतां आली नाहीं, हाही एक लाभच.

जुलैमध्यें आम्ही व पुतण्या कुंभार्ली घाट चढून कोल्हापुरास गेलों. तेथें एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत त्याच घराण्यांतील एका जड मालवाहू गाडीचा पूर्ण-तरता आंस मिळाला. चाकाचे पांच नट जुळत होते, रुंदी जवळजवळ जुळत होती. आम्हांस वाटलें, झालें काम! पुतण्या मात्र पेटीचें झांकण काढून आंतील दांते मोजीत बसला. मोठ्या चक्राला ३९ दांते, लहानाला ८. आमच्या गाडीचे ४३ आणि ८. "काका," तो म्हणाला, "म्हणजे पुढचाही बदलावा लागणार."

पुढचा कशाला, तो तर साबूत आहे, असें आम्ही म्हणालों. तेव्हां त्यानें दुकानाच्या फरशीवर खडूनें हिशेब मांडला. इंजिनाकडून येणारे दोन्ही दांडे, पुढचा आणि मागचा, चारही चाकें जोडल्यावर बरोबरीनें फिरतात. त्यांच्यामध्यें सवलत देणारी पेटी ह्या जातीच्या गाडींत नसते. दांड्यानें शंभर फेरे घेतले तर ४३ दांत्यांच्या पुढच्या आंसाचीं चाकें साडेअठरा फेरे घेणार आणि ३९ दांत्यांच्या मागच्या आंसाचीं साडेवीस. मागचीं चाकें पुढच्यांना ढकलणार, पुढचीं मागच्यांना ओढून धरणार. वाळूंत किंवा चिखलांत टायर घसरून निभावेल. कठीण जमिनीवर मात्र गाडी आपल्याशींच भांडत राहील आणि शेवटीं कोठला तरी दांता तुटेल. दोहोंपैकीं कोणाचा दोष? कोणाचाच नाहीं, दोन्ही आंस आपापल्या परीनें निर्दोष. त्यांचें प्रमाण एक नाहीं, एवढेंच. आमच्या पडवींतले दोघे आमच्या डोळ्यांपुढें आले. पण तें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. ३९ आणि ८ ह्याच प्रमाणाचा, नंतरच्या पिढीच्या जीपचा पुढचा आंस शोधण्यास आणखी दोन दिवस लागले.

चिपळुणास एका वृद्ध मिस्त्रींच्या शेडमध्यें काम सुरू झालें. गाडी लोखंडी घोड्यांवर चढली. आंस बदलणें म्हणजे जुना सोडला आणि नवा बांधला, एवढेंच असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत आंसावर कमानपाटे टेकण्याच्या बैठका नव्या गाडीच्या मापाच्या नव्हत्या. त्या कापून पुन्हां जोडाव्या लागल्या. जोडतांना आंस पुढेंमागें किती कलता ठेवावा हा प्रश्न आला. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर दांडा दोन्ही टोंकांशीं लवचीक सांध्यांवर फिरतो. त्या दोन सांध्यांचे कोन सारखे नसले तर आंसाला मिळणारी गति एका फेऱ्यांतच क्षणांत जलद व क्षणांत मंद होते, आणि सबंध गाडीला कांपरें भरतें. म्हणून बैठकांना आधीं नुसते ठिपक्याएवढे टांके दिले, गाडी चाकांवर उतरविली, हौद्यांत वाळूचीं पोतीं टाकून खरा भार दिला, कोन मोजला, आणि मग पक्कें वेल्डिंग केलें. "भार पडल्याशिवाय कोणाचा कल कळत नाहीं," असें मिस्त्री म्हणाले. नवी पेटी लांबट, म्हणून प्रॉपेलर दांडा लेथवर आंखूड करून पुन्हां तोलून घ्यावा लागला. नवा आंस जड, म्हणून त्याला आवरण्यासाठीं धक्के शोषणारे नळे नवे लागले. एक भाग बळकट केला म्हणजे मोडण्याची पाळी त्याच्या शेजाऱ्यावर येते, हें पुतण्याचें वाक्य आम्हीं त्या महिन्यांत अनेकदां ऐकलें आणि प्रत्येक वेळीं पैशाची पिशवी सोडली.

आणि मग तो दिवस आला. ऑगस्टमधल्या एका दुपारीं पुतण्या कांहीं सामान आणावयास गेला होता. मिस्त्रींनीं मोडका दांडा बांकावर ठेवून आम्हांस जवळ बोलाविलें. "मास्तर, हें पाहा." निमुळतें टोंक आरशासारखें चकाकत होतें, चावीची खांच रुंद होऊन तिच्या कोपऱ्यांतून तडा गेलेला दिसत होता, आणि तेथूनच टोंक तुटलें होतें. "हब ह्याच्यावर हलत होतें, म्हणून ही चकाकी. हें लोखंड म्हातारपणानें मोडलेलें नाहीं. टायरानेंही नाहीं. नट नीट आवळलेला नव्हता. शेवटीं हें कोणीं उघडलें होतें?"

आम्हांस तें पक्कें ठाऊक होतें. एप्रिलच्या अखेरीस त्या चाकांतून तेल गळूं लागलें, तेव्हां दादांनीं आम्हांस गाडी घेऊन एका गॅरेजमध्यें सील बदलण्यास धाडलें होतें. तेथला मुलगा हब बसवून नट आवळीत होता. आमचें त्या संध्याकाळीं एक व्याख्यान होतें. आम्हीं घड्याळ पाहिलें आणि म्हटलें, "पुरे झालें रे, उशीर होतो आहे." तो थांबला. निघतांना मात्र त्यानें सांगितलें कीं शंभर किलोमीटर झाल्यावर एकदां पुन्हां आवळून न्या. तें आम्ही वाटेंतच विसरलों. दादांना सांगितलें नाहीं, पुतण्यालाही नाहीं. व्याख्यानाचा विषय 'कर्तव्य' हा होता, हें लिहितांना लाज वाटते. परंतु तें खरें आहे.

उतरणीवर चाक निघाल्याचें कळलें त्याच क्षणीं आमच्या मनांत तो नट चमकून गेला होता. दोन महिने टायर आणि लोखंडाचें वय ह्यांवर बापलेक झगडत असतां आम्ही स्वस्थ बसलों, तें ह्यामुळें. आपला दोष दुसऱ्या दोघांत वांटला गेला म्हणजे आपल्या वांट्याला कांहीं उरत नाहीं, असा हिशेब माणूस किती सहज करतो! मिस्त्रींना आम्ही म्हणालों, "विचारून सांगतों." त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि दांडा कापडांत गुंडाळून आमच्या हातीं दिला.

रात्रीं पंगतींत आम्हीं तो दांडा पाटाजवळ ठेवला आणि सर्व सांगितलें. मुलें जेवतां जेवतां थांबलीं. आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहिलें. वहिनी आपल्या प्लास्टरांतून नुकत्याच सुटलेल्या मनगटाकडे पाहून एवढेंच म्हणाल्या, "हात मोडला माझा, आणि अबोला धरला तुम्हीं दोघांनीं."

दादा बराच वेळ बोलले नाहींत. ताकभाताचा शेवटचा घांस झाल्यावर म्हणाले, "तुला मीं कां धाडलें, ठाऊक आहे? एरव्हीं गॅरेजांत मीच जातों. पण हिवाळ्यापासून माझा उजवा गुडघा दुखतो. ब्रेक दाबतांना कळ येते. तें मीं कोणाला सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर गाडी दुसऱ्यानें चालविली असती." मग ते मुलाकडे वळले. दोन महिन्यांनीं प्रथमच त्यांनीं त्याला सरळ विचारलें, "तें दीडशें फूट-पौंड म्हणतोस, तें हाताला कसें कळावें?"

"हाताला कळत नाहीं, बाबा," तो म्हणाला. "त्याला मापाचा पाना असतो."

"मग तो आण. आणि कसा धरायचा तें मला दाखव."

दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, गाडीला झेंडूचा हार घालून सड्यावर नेली. पुतण्यानें चालविली, दादा शेजारीं बसले, आम्ही हौद्यांत. चढणीवर दादांनीं ओळखलें कीं गाडीचा जोर किंचित् कमी झाला आहे. तें खरेंच होतें. मूळ विलीसच्या जुळणींत सर्वांत हलक्या गियरमध्यें इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोंचतांना सुमारें ३७ पट होतो. ४३ च्या जागीं ३९ दांते आले म्हणजे तो ३४ पटींच्याही किंचित् खालीं येतो. त्याबदल्यांत सपाट रस्त्यावर इंजिन तितक्याच वेगाला नऊ टक्के कमी फिरतें आणि कमी ओरडतें. वेगाचा कांटाही खोटें बोलूं लागला. तो चाळीस दाखवितो तेव्हां गाडी चव्वेचाळिसानें धांवत असते. दादा म्हणाले, "म्हणजे आहे त्यापेक्षां मंद वाटते. माझ्या वयाला बरी आहे."

उतरणीवर येतांना सर्वजण गप्प होते. गडग्याचे निखळलेले दगड अजून तसेच पडलेले होते. गाडी सावकाश खालीं उतरली.

आज ह्या गोष्टीला कांहीं वर्षें झालीं. पुण्याच्या पत्राचें उत्तर पुतण्यानें नकारार्थी पाठविलें, हें आम्हांस पुढें पोस्टाच्या पावतीवरून समजलें. बागेचा हिशेब आतां त्याच्याकडे आहे, बँकेचें व घरपट्टीचें काम आमच्याकडे, आणि घड्याळाची चावी आमच्या नातीकडे. एकत्र कुटुंबाचें मोठेपण आपण सांगतों तें बहुधा असें कीं घरांत एक कर्ता पुरुष असतो आणि त्याच्यावर सर्व घर उभें असतें. आम्हांस हें पूर्वीं भूषण वाटे. परंतु जो फिरतो आहे त्याच्यावरच सगळा भारही टाकणें, ही स्वस्त रचना आहे; ती अडतीस वर्षें चालते, आणि मग एके दिवशीं उतरणीवर चाक निघून जातें. भार कवचावर पडावा, म्हणजे सबंध घरावर. आणि दांड्यानें निर्धास्तपणें फिरावें. हें आम्हांस पन्नास वर्षें पुस्तकें वाचून समजलें नव्हतें.

गाडीच्या पुढच्या कप्प्यांत दादांनीं एक वही बांधून ठेवली आहे. गाडीचा कोणताही भाग कोणीं उघडला, कोणत्या तारखेला, किती जोरानें आवळला आणि पुन्हां केव्हां पाहावयाचा, हें तींत लिहून खालीं सही करावयाची असा घराचा नियम झाला आहे. मुलांना त्या सह्यांची फार हौस. वहीच्या पहिल्या पानावर मात्र मे २०२२ च्या आधींची एकच नोंद आहे. ती मागाहून, दादांच्या सांगण्यावरून, आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिली: "एप्रिल अखेर. मागचें डावें चाक. नट पुरता आवळला नाहीं. पुन्हां पाहण्यास सांगितलें होतें, पाहिलें नाहीं." खालीं आमची सही आहे.